बोन स्कॅन : भीती कशाची, सावधगिरी कशाची?

मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत आहे. अर्धायुष्याचा पाठ दरवर्षी येतो. फळ्यावर सूत्र लिहावे, दोन उदाहरणे सोडवून दाखवावीत, 'हे परीक्षेला हमखास येते' असे बजावावे आणि पुढच्या पाठाकडे वळावे, असा माझा शिरस्ता होता. २०२४ च्या पावसाळ्यात याच विषयाची तोंडी परीक्षा माझ्याच घरी माझीच झाली, आणि तीत मी जवळजवळ नापास झालो. ती हकीकत आधी सांगतो. मग मला जे मत मांडायचे आहे, ते मांडतो.

आमचे गाव जासई, पनवेल-उरण रस्त्यावरचे. १९८४ सालच्या शेतकरी आंदोलनामुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. माझी थोरली आत्या आमच्याकडेच राहते. वय बासष्ट. त्या वर्षी तिच्या स्तनात गाठ आढळली आणि तपासणीत ती कर्करोगाची ठरली. गाठ मोठी होती, काखेतही गाठी लागत होत्या, शिवाय उजव्या बरगडीत दुखते अशी तिची तक्रार होती. म्हणून उपचाराची दिशा ठरवण्यापूर्वी डॉक्टरांनी बोन स्कॅन करून आणण्यास सांगितले.

घरी येताच ओटीवर सगळे जमले. धाकट्या भावाने कोठूनसे ऐकले होते की या तपासणीत शिरेतून 'अणू' सोडतात. अणू म्हटल्यावर शेजारच्या काकींना हिरोशिमा आठवले. आत्या म्हणाली, "आधीच हा आजार. त्यात आणखी अणू कशाला घालायचा अंगात? घरात तान्हे मूल आहे." सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काही होत नाही, आत्या. अगदी सुरक्षित असते." आत्याने शांतपणे विचारले, "तुला कसे ठाऊक? किती घालतात, सांग बरे." मला आकडा सांगता आला नाही. मी पुन्हा 'काही होत नाही' एवढेच म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरे सांगायचे तर बसण्याचे कारणही नव्हते. या गोष्टीत आमचे पाच आठवडे गेले.

शेवटी अकरावीतल्या पुतणीने मला कोंडीत पकडले. "काका, नुसते सुरक्षित म्हणू नका. किती, किती वेळ आणि कशासाठी, ते सांगा ना." त्या रात्री आम्ही दोघांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. तोच हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

हाड मेलेले नसते

प्रथम 'कशासाठी' या प्रश्नाकडे वळू. प्रयोगशाळेतला सांगाडा पाहून हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू असा आपला समज होतो. तो चुकीचा आहे. जिवंत शरीरातले हाड सतत मोडत आणि घडत असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड बांधतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो.

ही गोष्ट कोणी कशी शोधली, हे पाहण्यासारखे आहे. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी १९३५ साली उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस खाऊ घातला आणि तो शरीरात कोठे जातो याचा माग काढला. हाडांत तो जाऊन बसत होता आणि काही दिवसांनी तेथून निघतही होता. हाडात देवघेव अखंड चालू असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अणूला खूण करून त्याच्यामागे जाण्याच्या या युक्तीला मार्गण पद्धती म्हणता येईल. तिच्याबद्दल हेवेशी यांना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा बोन स्कॅन हा त्याच प्रयोगाचा थेट वंशज आहे.

आमच्या उरण भागातले उदाहरण घेऊ. येथे जिकडेतिकडे बांधकाम चालू असते. समजा, कोणत्या गल्लीत काम चालू आहे हे तुम्हाला घरबसल्या शोधायचे आहे. एक उपाय म्हणजे प्रत्येक इमारतीचा फोटो काढणे. दुसरा उपाय म्हणजे सिमेंटच्या गाड्या कोठे जाऊन रिकाम्या होतात, ते पाहणे. क्ष-किरणांचे चित्र म्हणजे इमारतीचा फोटो. हाडातला बराच चुना, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा, निघून गेल्याशिवाय साध्या क्ष-किरण चित्रात खड्डा दिसत नाही. बोन स्कॅन सिमेंटच्या गाड्यांचा माग काढतो. काम नुकतेच सुरू झाले असले, तरी गाड्या तिकडे वळलेल्या दिसतात. म्हणूनच धावपटूच्या पायातली बारीक चीर क्ष-किरण चित्रात दोन आठवडे दिसत नाही आणि बोन स्कॅनमध्ये दोन-तीन दिवसांत दिसू शकते.

येथे सिमेंटची गाडी म्हणजे एमडीपी या नावाचे फॉस्फरसयुक्त द्रव्य. नव्याने तयार होणाऱ्या हाडाच्या स्फटिकांवर ते चिकटते. गाडीवरचा दिवा म्हणजे टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अणू. ही जोडी जमवण्याचे श्रेय बरेचसे अमेरिकेत काम करणाऱ्या गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकॅफी यांना जाते. टेक्नेशियमला फॉस्फेटची जोड देऊन हाडांचे चित्र काढण्याची रीत त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली, आणि १९७५ मध्ये एमडीपीचा उपयोग दाखवून दिला. तेच द्रव्य आजही वापरात आहे.

धार काढण्याची गाय

टेक्नेशियम हे मूलद्रव्य क्रमांक ४३. मेंडेलीव्हच्या तक्त्यात त्याची जागा कित्येक वर्षे रिकामीच होती. १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी सायक्लोट्रॉनमध्ये तापून निघालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून ते वेगळे काढले. माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य होय. ग्रीक भाषेत 'कृत्रिम' या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून त्याचे नाव पडले.

टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य सहा तास. म्हणजे सकाळी दहा वाजता जितके असेल, त्याच्या निम्मे दुपारी चारला उरते. ही चीज साठवून ठेवता येत नाही. मग ती रुग्णालयात आणायची कशी? यावर १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तोडगा निघाला. टेक्नेशियम न पाठवता त्याचा जनक पाठवायचा. हा जनक म्हणजे मॉलिब्डेनम-९९. त्याचे अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे तो काही दिवस टिकतो आणि सावकाश टेक्नेशियममध्ये बदलत राहतो.

शिशाच्या जाड आवरणात एक लहान नळी असते. तीत अ‍ॅल्युमिनाची भुकटी भरलेली असून तिला मॉलिब्डेनम घट्ट धरून बसलेले असते. वरून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडले की तयार झालेले टेक्नेशियम त्यात विरघळून खाली येते आणि मॉलिब्डेनम जागच्या जागी राहते. एकदा काढून घेतले की एका दिवसात नळीत पुन्हा पुरेसे टेक्नेशियम साठते. या उपकरणाचे खरे नाव जनित्र. पण जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला लाडाने 'गाय' म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला 'धार काढणे' म्हणतात. आत्याला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "रोज सकाळी धार काढायची म्हण की! आणि गाय आटते कधी?" प्रश्न बरोबर होता. साधारण आठवड्याभरात आटते. मग नवी आणावी लागते.

या गाईचा गोठा आपल्या फार दूर नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९५६ साली अप्सरा, १९६० साली सायरस आणि १९८५ साली ध्रुव या अणुभट्ट्या सुरू झाल्या. वीजनिर्मिती हे त्यांचे काम नव्हते. संशोधन आणि किरणोत्सर्गी समस्थानिकांची निर्मिती ही त्यांची महत्त्वाची कामे होती. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. जुनी अप्सराही थांबली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. समस्थानिकांपासून औषधे आणि जनित्रे बनवून ती देशभरच्या रुग्णालयांना पुरवण्याचे काम वाशी येथील 'ब्रिट' ही संस्था करते. विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञानाचे हे मंडळ १९८९ मध्ये स्थापन झाले. काही जनित्रे परदेशी बनावटीचीही असतात. परळ येथील किरणोत्सर्गी औषध केंद्र तर त्याहून जुने, १९६३ सालचे.

आत्याला घेऊन आम्ही अटल सेतूवरून मुंबईला गेलो. हा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. ट्रॉम्बेच्या बाजूला पुलाला पडदे लावलेले असल्यामुळे केंद्र दिसत नाही. पुतणी म्हणाली, "काका, आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या समोर राहतो, आणि आत काय होते ते मला आत्ता कळते आहे." मलाही ते लागले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, पण ट्रॉम्बे हा शब्द माझ्या वर्गात कधी आला नव्हता.

कॅलेंडरच्या पाठीमागचा हिशेब

आता 'किती' आणि 'किती वेळ'. मोठ्या माणसाला बोन स्कॅनसाठी देतात ती मात्रा साधारण ७४० मेगाबेकेरेल असते. म्हणजे टोचतेवेळी दर सेकंदाला ७४ कोटी अणुकेंद्रे आपली जादा ऊर्जा टाकून देत असतात. आकडा ऐकून घाबरू नका. तो वजनात काढून पाहा. अर्धायुष्य सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. ते ०.६९३ ने भागून दर सेकंदाच्या विघटनसंख्येने गुणले की अणूंची एकूण संख्या मिळते. ती येते सुमारे २३ लाख कोटी. ९९ ग्रॅम टेक्नेशियममध्ये ६.०२ × १०^२३ अणू असतात, हे तुम्हाला रसायनशास्त्रात शिकवलेले आहे. त्यावरून या सर्व अणूंचे वजन एका ग्रॅमचा सुमारे पंचवीस कोटीवा हिस्सा भरते. हिशेब स्वतः करून पाहा.

सकाळी दहा वाजता सुई टोचली असे धरले, तर

दुपारी ४ वाजता उरले १/२
रात्री १० वाजता १/४
पहाटे ४ वाजता १/८
दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता १/१६

साठ तासांनी, म्हणजे दहा अर्धायुष्ये उलटल्यावर, १/१०२४ उरते. हा झाला केवळ अणूंच्या विघटनाचा हिशेब. प्रत्यक्षात साधारण निम्मे द्रव्य हाडांवर बसते आणि बाकीचे बहुतेक मूत्रपिंडांतून गाळून लघवीवाटे पहिल्या काही तासांतच बाहेर जाते. भरपूर पाणी पिण्यास आणि वारंवार लघवीला जाण्यास सांगतात, ते याचसाठी.

येथे पुतणीने एक फार चांगली शंका काढली. "काका, टेक्नेशियम-९९एम विघटन होऊन टेक्नेशियम-९९ होते. पुस्तकात त्याचे अर्धायुष्य दोन लाख अकरा हजार वर्षे दिले आहे. मग ते आजीच्या अंगात जन्मभर राहणार का?" क्षणभर मीही थबकलो. मग आम्ही गणित केले. अणू तितकेच, २३ लाख कोटी. पण अर्धायुष्य प्रचंड असल्यामुळे दर सेकंदाला फुटणारे अणू येतात अवघे दोन-तीन. ७४ कोटींवरून दोन-तीनवर! अर्धायुष्य जितके लांब, तितका तोच अणुसमूह दर सेकंदाला कमी किरण सोडतो, ही गोष्ट मी वर्षानुवर्षे शिकवली. पण तिचा अर्थ असा डोळ्यांसमोर कधी आला नव्हता. आणि तुलना करायचीच तर आपण खातो त्या अन्नातील पोटॅशियममुळे प्रत्येक प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे चार हजार विघटने जन्मापासून मरणापर्यंत चालूच असतात. त्यासाठी कोणी ओटीवर बैठक बोलावत नाही.

मग धोका शून्य आहे काय? नाही. असे म्हणणे ही माझी पहिली चूक होती. बोन स्कॅनमध्ये शरीराला मिळणारी किरणमात्रा सुमारे ४ मिलिसीव्हर्ट असते. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला दर वर्षी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे बोन स्कॅनची मात्रा दीड-पावणेदोन वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतकी झाली. ती लहान आहे, पण फुकट घ्यावी अशी नाही. म्हणून गरोदर स्त्रीला ही तपासणी शक्यतो करीत नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईने आधीच तसे सांगायचे असते, आणि मुलांना वजनाप्रमाणे मात्रा कमी करतात. तान्ह्या मुलाला त्या दिवशी मांडीवर घेऊन बसू नये, असेही सांगतात. आत्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. तिला प्रमाण ठाऊक नव्हते, आणि ते सांगण्याचे माझे काम मी केले नव्हते.

कॅलेंडर पाहून आत्या म्हणाली, "एवढेच ना? मग आधी का नाही सांगितलेस?" दुसऱ्या दिवशी तिने होकार दिला.

यंत्र काही सोडत नाही

बोन स्कॅनबाबत आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. लोकांना वाटते की वरचे मोठे यंत्र रुग्णावर किरण सोडते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. येथे किरण रुग्णाच्या हाडांतून निघतात आणि यंत्र ते फक्त टिपते. टेक्नेशियमचे गॅमा किरण १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे असतात. शरीर भेदून बाहेर येण्याइतकी ही ऊर्जा पुरेशी आहे, आणि यंत्रातल्या स्फटिकात अडकण्याइतकी बेताचीही आहे.

या यंत्राला गॅमा कॅमेरा म्हणतात. हॅल अँगर यांनी तो १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे तयार केला. गॅमा किरण भिंगाने वळवता येत नाहीत. म्हणून पुढे शिशाचा एक जाड पत्रा असतो आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी हजारो सरळ छिद्रे असतात. सरळ येणारा किरण छिद्रातून पार होतो, तिरपा येणारा शिशात अडतो. मागे सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक. त्यावर किरण आदळला की क्षीण प्रकाश चमकतो. त्यामागच्या प्रकाशगुणक नळ्या ती चमक नेमकी कोठे झाली ते ठरवतात. अशा लाखो चमका एकत्र करून संगणक चित्र तयार करतो.

टोचल्यानंतर साधारण तीन तास थांबावे लागते, म्हणजे रक्तातले द्रव्य हाडांत जाऊन बसते. मग टेबलावर अर्धा तास निपचित पडून राहायचे. दुखत नाही, भाजत नाही. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "नुसते झोपवून ठेवले रे मला. मी डुलकी काढली."

काळा डाग म्हणजे काय?

आमची खरी परीक्षा यापुढे होती. दोन दिवसांनी अहवाल मिळाला. खिडकीतून पाकीट हाती आले, समजावून कोणीच सांगितले नाही. घरी आल्यावर भावाने तो उघडला. दोन्ही गुडघे, कंबरेचे मणके आणि उजवी सातवी बरगडी येथे 'ग्रहण वाढलेले' असल्याचे इंग्रजीत लिहिले होते. चित्रात त्या जागी काळे डाग होते. घरात रडारड सुरू झाली. रोग हाडांत पसरला, आता काही उरले नाही, असे सगळ्यांनी धरून चालले. त्या रात्री कोणी जेवले नाही.

सिमेंटच्या गाड्यांचे उदाहरण आता पुन्हा आठवा. गाड्या एखाद्या जागी थांबल्या आहेत, यावरून तेथे काम चालू आहे एवढेच कळते. ते काम नव्या घराचे असेल, पडलेल्या भिंतीच्या दुरुस्तीचे असेल, नाहीतर चोरून चाललेल्या अनधिकृत बांधकामाचेही असेल. गाडी पाहून ते कळत नाही. बोन स्कॅनवरचा काळा डाग 'येथे हाड कामात आहे' एवढेच सांगतो. झिजलेला गुडघा, जुळत असलेले मोडलेले हाड, हाडातला जंतुसंसर्ग आणि पसरलेला कर्करोग, या सर्वांचे डाग काळेच दिसतात. तुमच्यापैकी कोणाचा स्कॅन काढला, तर गुडघे, घोटे, मनगटे आणि खांदे यांच्या टोकांशी ठळक काळे पट्टे दिसतील. तो आजार नव्हे. तुमची उंची वाढते आहे, हाडांची टोके वाढीच्या कामात गुंतलेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ!

उलटही घडते. अस्थिमज्जेच्या एका कर्करोगात हाड कुरतडले जाते, पण दुरुस्ती करणारे गवंडी कामावर येतच नाहीत. तेथे सिमेंटच्या गाड्या फिरकत नाहीत आणि स्कॅन बहुधा कोराच येतो. म्हणून अशा रोगाची शंका असेल तर डॉक्टर दुसऱ्या तपासण्या सांगतात.

मग अनुभवी डॉक्टर काय पाहतात? डाग किती आहेत, कोठे आहेत, त्यांची मांडणी कशी आहे हे पाहतात. पसरलेल्या कर्करोगाचे डाग पाठीचा कणा, कटिप्रदेश, बरगड्या येथे अनियमित विखुरलेले असतात. दोन्ही गुडघ्यांत सारखे डाग असले तर ती बहुतेक झीज असते. लागोपाठच्या बरगड्यांवर एका रेषेत डाग आले तर पडल्याचा मार आठवावा. एकट्या बरगडीवरचा डागही बहुतेक वेळा माराचाच असतो. पण 'बहुतेक' म्हणजे 'नेहमी' नव्हे, म्हणून तो तपासून पाहावा लागतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल पाहून आत्याला विचारले, "अलीकडे कधी पडला होतात का?" आत्याला आठवले. चार महिन्यांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून ती घसरली होती. तेल लावून शेकले होते आणि विसरून गेली होती. त्या बरगडीचे सीटी चित्र काढले. तेथे जुळत आलेले मोडलेले हाड स्पष्ट दिसले. गुडघे आणि कंबर वयाची होती. रोग हाडांत गेलेला नव्हता. उपचार ठरल्याप्रमाणे सुरू झाले, शस्त्रक्रिया झाली, आणि आत्या आज घरात सर्वांवर पूर्वीसारखीच हुकमत गाजवते.

ही गोष्ट गोड झाली म्हणून सांगितली, असे समजू नका. बोन स्कॅनने खरोखरच वाईट बातमी दिलेली माणसेही मी त्या रुग्णालयाच्या बाकावर पाहिली. आणि आमचे पाच आठवडे वाया गेले, ते गेलेच. त्यांची किंमत काय झाली असती, हे आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

माझे म्हणणे

आता माझे मत. किरणोत्सर्गाविषयी आपल्या समाजात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, 'अणू म्हणजे मरण.' दुसरा म्हणतो, 'काही होत नाही, शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवा.' मी स्वतः दुसऱ्या सुरात बोललो. माझ्या मते हे दोन्ही सूर सारखेच अडाणी आहेत, कारण दोघेही मोजमाप करीत नाहीत. शिकलेल्या माणसाने भीती आणि भरवसा या दोहोंपुढे तीन प्रश्न ठेवावेत. किती? किती वेळ? कशासाठी?

तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. तपासणी सुरक्षित आहे म्हणून ती सर्वांनी करून घ्यावी, असे मुळीच नाही. स्तनाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असेल आणि हाडांची काही तक्रार नसेल, तर बोन स्कॅन करू नये, असेच तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. तेथे रोग सापडण्याची शक्यता फार कमी आणि निरुपद्रवी डागांनी घाबरगुंडी उडण्याची शक्यता अधिक. 'या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?' असे डॉक्टरांना नम्रपणे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. आता काही रोगांत पेट-सीटीसारख्या नव्या तपासण्या बोन स्कॅनची जागा घेत आहेत. त्यांच्यापुढेही हेच तीन प्रश्न ठेवायचे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की अर्धायुष्य शिकवताना 'एक्स या पदार्थाचे अर्धायुष्य अमुक' असली बेनाव उदाहरणे सोडून द्यावीत. टेक्नेशियम घ्यावे. वर्गात शंभर नाणी उधळावीत, छापा पडलेली उचलून बाजूला ठेवावीत, उरलेली पुन्हा उधळावीत. प्रत्येक उधळण म्हणजे सहा तास. चौथ्या उधळणीनंतर सहा-सात नाणी उरतात. कधी पाच उरतील, कधी आठ. तेही मुलांना पाहू द्यावे. कोणते नाणे केव्हा जाईल हे सांगता येत नाही, पण शंभरांचे काय होईल हे बरेचसे सांगता येते. या प्रयोगाला एक रुपयाही खर्च येत नाही, कारण नाणी परत मिळतात!

रुग्णालयांनाही एक सुचवावेसे वाटते. बोन स्कॅनच्या अहवालासोबत मराठीत एक पान द्यावे. 'काळा डाग म्हणजे कर्करोगच असे नाही. डॉक्टरांना भेटेपर्यंत निष्कर्ष काढू नका' एवढी दोन वाक्ये त्यावर असली, तरी कित्येक घरांतली चूल त्या रात्री विझलेली राहणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला काय सांगू? घरात आजार आला की मोठी माणसे गोंधळतात. त्या वेळी घरात विज्ञान शिकलेले कोणी असेल, तर बहुधा ते तुम्हीच असता. डॉक्टर होऊ नका, औषधे सुचवू नका. पण हिशेब मांडू शकता, प्रश्न विचारू शकता. आमच्या घरी वीस वर्षांच्या अनुभवाच्या प्राध्यापकाला जे सुचले नाही, ते अकरावीतल्या मुलीला सुचले. ते कॅलेंडर आत्याने जपून ठेवले आहे, आणि यंदा अर्धायुष्याचा पाठ मी त्यावरूनच सुरू केला.